परड्यातली पत्रं : दोडक्याचा संसार संध्याकाळी

श्रावण लागला की मला दोन जातीची पत्रं येतात. 'वेल माजलाय, फळ नाही' ही एक जात आणि 'पाऊस थांबंना, काय करू' ही दुसरी. यंदा पहिल्या जातीची अकरा आली, त्यातली नऊ दोडक्याची. म्हणून आज दोडका जास्त जागा खाणार, बाकीच्यांनी सांभाळून घ्या. नव्या वाचकांना एवढंच सांगतो की मी एस. टी.च्या वर्कशॉपात ३१ वर्षं पाने फिरवले, शेतीची पदवी वगैरे माझ्याकडं काही नाही. कोल्हापूरजवळ वडणग्यात घरामागं साडेतीन गुंठ्यांचं परडं आहे. त्याच्या कुंपणाबाहेरचं मी बोलत नाही.

काका, आमच्या घरामागं दहा बाय बाराचा तुकडा आहे. जूनमध्ये दोडका लावला. वेल पार पत्र्यावर गेला. पिवळीधमक फुलं येतात नि गळतात. एकही दोडका धरला नाही. शेजारच्या काकू म्हणतात वेल वांझ आहे, उपटून टाक. खत कमी पडतंय का?
(एक भगिनी, फुलेवाडी)

ताई, वेल उपटू नका आणि खताच्या डब्याला तर हातच लावू नका. वेलाचं काही बिघडलेलं नाही, तुमची बघायची वेळ चुकतीय.

घरातली कामं आवरून सकाळी दहाला परड्यात गेलं की दोडक्याचं फूल मिटून मरगळलेलंच दिसणार. ते उमलतं संध्याकाळी, पाच-साडेपाचनंतर, आणि सकाळी ऊन चढलं की संपलं. दुधी आणि पडवळही संध्याकाळचेच. काकडी, कारलं, तांबडा भोपळा हे पहाटेचे. गंमत म्हणजे दोडक्याचं सख्खं भावंड घोसाळं, ते मात्र पहाटे उमलतं. वर्कशॉपच्या भाषेत सांगायचं तर एकाच घरातले दोघे भाऊ, एक फर्स्ट शिफ्टला नि एक सेकंड शिफ्टला. मी निवृत्त झालो त्या वर्षी सहा वेल लावून रोज सकाळी मधमाश्यांची वाट बघत उभा राहायचो. चार दिवस आईनं बघितलं, पाचव्या दिवशी म्हणाली, "आरं, सांजच्याला ये की. आता त्यो झोपलाय."

आज संध्याकाळी चहाचा कप घेऊन वेलाखाली उभ्या राहा. प्रत्येक फुलाची मागची बाजू बघा. तुऱ्यात पाच-दहा कळ्या एकत्र आणि फुलामागं नुसता बारीक देठ असेल तर तो नर. पानाच्या बेचक्यात एकटंच फूल आणि त्यामागं करंगळीएवढा, धारा असलेला इवलासा दोडका दिसला तर ती मादी. सुरुवातीला बरेच दिवस नरच येतात. ते गळायचेच, त्याचं दुःख करू नका. मादी फूल दिसायला लागल्यावर पण तो इवला दोडका पिवळा पडून गळत असेल, तर परागाची गाठ पडलेली नाही एवढाच अर्थ. आपल्याकडं श्रावणात सरी नेमक्या संध्याकाळी येतात, पराग भिजतो, किडा-पतंग बाहेर पडत नाही. शिवाय आजूबाजूला सगळीकडं पत्रे आणि भिंती, माशी येणार कुठून?

तेव्हा तिचं काम आपण करायचं. सहाच्या सुमारास ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागं सारून काढून टाका. मधला पिवळा भाग बोटावर टेकवून बघा, भुकटी लागली तर पराग तयार आहे. तो मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा, घासू नका. एका नरावर दोन-तीन माद्या होतात. पावसाची चिन्हं असतील तर वर कागदाची टोपी घाला आणि देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा, म्हणजे कुठलं फूल केलं ते कळतं. तीन-चार दिवसांत दोडका खाली वाकून जाड होऊ लागला की जमलं.

खताचं कारण तेवढं सांगतो. नत्र जास्त झालं की वेल पानं काढत सुटतो आणि मादी फुलं उशिरा येतात. पत्र्यावर गेलेला वेल म्हणजे जेवण जास्त झालेला वेल. शेंडा खुडा, बाजूच्या फांद्या फुटू द्या. आणि फवारणी करायचीच असली तर संध्याकाळी फुलं उघडी असताना करू नका. ज्याची वाट बघताय तोच मरायचा.

आता दोडके धरल्यावर तुम्ही मला दुसरं पत्र लिहिणार, की आत अळ्या निघाल्या. ते आधीच लिहून टाकतो. ती फळमाशी. तिच्यासाठी सापळा मिळतो, पण आतली गोळी विचारून घ्या. वेलवर्गीय भाज्यांना 'क्यू-ल्यूर' लागतं, आंबा-पेरूला 'मिथाइल युजेनॉल'. मला एका दुकानदारानं पहिलं मागितलं तर दुसरं बांधून दिलं. मी डबा टांगला, आठवड्यात माश्यांनी भरला, अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवला. दोडके मात्र सगळे किडके! डब्यात शेजारच्या पेरूच्या माश्या येऊन पडत होत्या. माझ्या परड्यातून शेजाऱ्याच्या पेरूची सेवा. शिवाय बरोबर गोळी असली तरी सापळ्यात फक्त नर माशी येते, मादी डंख मारायला मोकळीच. म्हणून फळ बोटभर झालं की वर्तमानपत्राची नळी घाला, आणि किडकं फळ वेलाखाली टाकू नका. अळी तिथंच मातीत जाऊन कोष करते. कोंबड्या असतील तर त्यांना घाला, नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून चार दिवस उन्हात ठेवा. श्रावणात ऊन कुठलं म्हणाल, तर पिशवी आठवडाभर राहू द्या.

सर, आमच्याकडं ऊसतोडीनंतरचं पाचट पडून होतं. जाळायचं नाही म्हणून मी ते कुटी करून भाजीच्या वाफ्यात मिसळलं. आता वांगी आणि भेंडी दोन्ही पिवळी पडली आहेत. पाचट विषारी असतं का?
(एक तरुण वाचक, शिरोळ तालुका)

सर म्हणू नका, मी कुणाला शिकवलेलं नाही. पाचट जाळलं नाही याबद्दल मात्र पाठ थोपटतो.

पाचट विषारी नाही, उपाशी आहे. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं आणि पाचटात ते फार थोडं. मग ते तुमच्या मातीतलं नत्र ओढून घेतात आणि वांगी बघत बसतात. पाचट मातीत मिसळायचं नाही, मातीवर पसरायचं. वर पसरलं तर तण दाबतं, ओल धरतं आणि खालून सावकाश कुजतं. आत्ता झालेल्यावर उपाय म्हणजे झाडापासून वीतभर लांब थोडं कुजलेलं शेणखत द्या आणि आठवड्यानं शेणस्लरीचं पाणी. महिनाभरात रंग परत येईल.

उरलेल्या पाचटाचं खत करा. शिफारस टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक अशी आहे. परड्यात टनभर पाचट कुणाकडं असतंय? १०० किलोला ८०० ग्रॅम, १ किलो आणि १०० ग्रॅम असा हिशोब धरा. वीतभर पाचट, त्यावर थोडं युरिया-फॉस्फेटचं पाणी, त्यावर शेणकाल्यात कालवलेलं संवर्धक, परत पाचट. ओल किती हवी? मूठभर उचलून पिळा. बोटांच्या फटीत ओल दिसावी, धार लागू नये. पावसात ढिगावर कागद टाका, नाहीतर सगळं सत्त्व गटारीला. महिन्यानं एकदा उलथवा. चारेक महिने लागतात, घाई करून उपयोग नाही.

कढीपत्त्याची पानं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या. आंबट ताक ओतू का?
(राजारामपुरी)

ओता, झाडाला राग येणार नाही, मुंग्या मात्र येतील. पान पिवळं आणि शिरा हिरव्या ही लोहाची तक्रार. आपल्या काळ्या, चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण अडकून पडलेलं. ताकाच्या आंबटपणानं थोडं सुटतं, म्हणून बायकांचा अनुभव अगदीच खोटा नाही. त्यापेक्षा लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) आणि थोडा लिंबाचा रस घालून पानांवर संध्याकाळी फवारा, आणि पुढं दहा-बारा दिवस त्या झाडाची पानं फोडणीत टाकू नका. थंडीत कढीपत्ता झोपतो, तेव्हा त्याला काही करू नका.

दादा, पत्र्याचं पाणी २०० लिटरच्या बॅरलमध्ये धरून त्यावर ड्रिप चालवायचं आहे. बॅरल स्टँडवर ठेवला तर चालेल ना?
(उचगावचा एक वाचक)

हा प्रश्न माझ्या हातातला, म्हणून जरा लांबतो.

आधी वजन. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, वर बॅरलचं वेगळं. ट्रकचा मागचा टायर बदलताना जॅक सरकला तर काय होतं ते मी बघितलंय, त्यामुळं लाकडी पाटावर, दोन विटांवर असला खेळ करू नका. अँगलचा स्टँड वेल्डिंग करून घ्या नाहीतर चिऱ्यांचा चौथरा बांधा. पायाखालची माती पावसात खचते हेही धरा.

मग दाब. तीन फूट उंचीवरच्या बॅरलचा दाब इतका कमी की बाजारातल्या ड्रीपरला तो पोचल्यासारखा वाटतच नाही. ते बहुतेक एक किलो दाबावर चालतात, म्हणजे जवळजवळ दहा मीटर उंचीची टाकी. तुमच्याकडं पहिल्या झाडाला धार आणि शेवटच्याला आशा एवढंच मिळेल. ड्रीपर काढा, लॅटरलला, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या नळीला, बारीक मायक्रोट्यूबचे सारख्या लांबीचे तुकडे लावा, लाईन १५-२० फुटांपेक्षा लांब नको. नळाआधी जुन्या नायलॉन साडीचं दुहेरी फडकं बांधा. पत्र्यावरची धूळ आणि चिमण्यांचं कर्तृत्व सगळं त्या मायक्रोट्यूबमध्येच अडकतं. पहिल्या पावसाचं पाणी बॅरलमध्ये घेऊच नका, वाहून जाऊ द्या. तोंडाला बारीक जाळी हवीच हवी, डेंगीची डासीण स्वच्छ पाणीच शोधते.

आता खरं सांगू? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दहा बाय वीस फुटांचा पत्रा साधारण साडेअठरा चौरस मीटर, त्यावर इंचभर पाऊस पडला की साडेचारशे लिटर. म्हणजे जुलैत तुमचा बॅरल एका सकाळीत दोनदा भरेल, आणि नेमकं तेव्हा झाडाला पाणी नको असतं. एप्रिलमध्ये झाडाला पाणी हवं असतं, तेव्हा बॅरल ठणठणीत. ४० झाडांना रोज लिटरभर दिलं तर भरलेला बॅरल पाच दिवसांत रिकामा. म्हणून मी बॅरल ठेवलाय तो गणपतीनंतरच्या उघडिपीत रोपं जगवायला आणि ऑक्टोबरच्या चटक्याला, बस्स. उन्हाळ्याचं काम मोरीचं पाणी करतं. मोरीचा पाट केळीच्या आणि आळूच्या आळ्यात सोडलाय, वाटेत एक विटांच्या तुकड्यांचा नि वाळूचा खड्डा. भांड्यांच्या राखेचं, साबणाचं पाणी केळ पचवते. वॉशिंग मशीनच्या पावडरीचं पाणी तेवढं वेगळं काढा. बॅरलचे पैसे वाचवा असं म्हणत नाही, पण आधी मोरीकडं बघा.

मिरचीची पानं चुरगळलीत. सगळे चुरडा-मुरडा म्हणतात. औषध?
(गडहिंग्लज)

पान कुठल्या बाजूला वळलंय ते तुम्ही लिहिलंच नाही आणि सगळं त्यावर आहे. कडा वर वळून होडी झाली असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून उलटी वाटी झाली असेल तर कोळी नावाची बारीक कीड. फुलकिड्याला निंबोळी अर्क चालेल. लिटरला ५० ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण घाला आणि पानाच्या खालच्या बाजूनं मारा. कोळ्याला पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक, लिटरला २ ग्रॅम, कडक उन्हात नको. शेंडा पूर्ण आखडून झाड खुजं राहिलं असेल तर तो विषाणू. ते झाड उपटा, त्यावर औषध नाही आणि मायाही नको.

नदीचं पाणी चार दिवस परड्यात होतं, आता ओसरलंय. आळू तसाच उभा आहे, खाल्ला तर चालेल का? आणि परत पेरायचं कधी?
(प्रयाग चिखली)

भाऊ, तुमचं पत्र वाचून पोटात गोळा आला, कारण आपण एकाच पाण्यातले. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आपल्याकडं पोरासोरांनाही पाठ. २०१९च्या ऑगस्टात माझं परडं आठ दिवस पाण्याखाली होतं, २०२१च्या जुलैत परत. तेव्हापासून पाणी ३५ फुटांवर गेलं की मी बियांचा डबा, फवारणीचा पंप आणि कोंबड्यांची डालगी माळ्यावर चढवतो, मग बाकीच्या घराचं बघतो. यावरून घरात बोलणी खाल्लीत.

आळूचं एकही पान खाऊ नका. त्या पाण्यात गटारी, संडास, मेलेली जनावरं, शेतातली औषधं सगळं मिसळलेलं असतं. पानं बुडाशी कापून लांब टाका. आळूचा जमिनीतला कांदा जिवंत आहे, नवीन पानं येतील ती चांगली शिजवून खा. मेथी, कोथिंबीर, पोकळा असलं काही बुडालं असेल तर आशा सोडा.

परड्यात लगेच शिरू नका. ओल्या गाळावर पाय दिला की त्याची वीट होते, आणि ती पुढं वर्षभर फोडत बसावी लागते. मी पहिल्या वर्षी उत्साहानं कुदळ घेऊन उतरलो होतो, त्या पट्ट्यात अजून गाजर सरळ येत नाही. गाळाला भेगा पडू द्या, पाऊल उमटायचं थांबू द्या, मग दाताळ्यानं वरची खपली फोडा. गमबूट आणि हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर मुळीच जाऊ नका, लेप्टोचा (पुराच्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा) भरवसा नाही. मग ताग फेका. ४०-४५ दिवसांत फुलावर येताना कापून तिथंच गाडा. दिवाळीच्या मागंपुढं मेथी पेरायला जमीन तयार.

पपई आणि शेवगा पाण्यात चार दिवस उभे असतील तर त्यांची वाट बघू नका. माझे दोन्ही वेळा गेले. नारळ, केळ आणि आळू मात्र दोन्ही वेळा तसेच होते.

मामा, आमची गावठी कोंबडी खुडूक बसलीय. पावसात अंडी लावावीत की तिला उठवावं? किती ठेवायची?
(गगनबावडा)

याचं उत्तर आमच्या कारभारणीचं आहे, मी लेखनिक.

ती म्हणते, बसवा, पण गगनबावड्याचा पाऊस बघता गळणाऱ्या कोपऱ्यात नको. टोपलीत भाताचं तूस किंवा कोरडं गवत, त्याखाली चूल थंड झाल्यावरची राख, म्हणजे गोचीड-पिसवा होत नाहीत. अंडी १० ते १२, तिच्या पंखाखाली पूर्ण झाकली जातील एवढीच. आठवड्यापेक्षा जुनी नको, फ्रिजमधली नको, धुतलेली तर नकोच. अंड्यावर पेन्सिलीनं फुली मारा, नाहीतर दुसऱ्या कोंबड्या रोज एक घालून जातात आणि हिशोब चुकतो. सातव्या रात्री मोबाईलची बॅटरी अंड्याखाली धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर जिवंत, नुसता पिवळा उजेड दिसला तर काढून टाका. कोंबडी दिवसातनं एकदा उठते, खाते, घाण करते, परत बसते. तिला उठवायचं नाही नि कौतुकानं हात लावायचा नाही. २१व्या दिवशी पिल्लं. सालपट फोडायला मदत करू नका, असं ती दोनदा लिहायला सांगते, कारण मी एकदा केली होती.

अंडी लावायची नसतील तर कोंबडीला तीन-चार दिवस खाली फटी असलेल्या, हवा लागेल अशा डालग्यात ठेवा, गवत नको. पाण्यात बुचकळू नका. पावसात न्यूमोनिया होईल, खुडूकपण जाईल नि कोंबडीही.

पिल्लं झाल्यावर पहिल्या आठवड्यातच मानमोडीची लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून द्यायची. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, आणि आणताना थर्मासमध्ये बर्फ न्या. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत एकानं लस शर्टाच्या खिशातून आणली, पिल्लं तेरा होती, उरली दोन.

आमच्याकडंही काळी कोंबडी अकरा अंड्यांवर बसलीय, आज चौदावा दिवस. सातव्या रात्री दोन काढली. बाकीच्या नवाचं पुढच्या अंकात.